अनोळखी नंबर

तीर्थरूप बाबांना दुरूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. हॉटेलच्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर आहे, पोटभर जेवते. तुमचा गुडघा काय म्हणतो?

दिवसभर लोकांच्या चादरी सरळ करते, पण स्वतःचं अंथरूण पाहून पाय पसरायचं राहिलं. एका क्रेडिट कार्डाचं भागवायला दुसरं काढलं, अशी चार झाली.

आता एका सेवाभावी संस्थेने हात दिलाय. तिथल्या बाईंनी कार्डं माझ्याच हाताने कापायला लावली, बँकांशी बोलून व्याज कमी करून घेतलं आणि सगळ्यांचा मिळून एकच हप्ता बांधून दिला. वसुलीवाल्यांचे फोनही थांबले. तरी फोन वाजला की दचकते. परवा एक चादर जाळली. आईला सांगू नका, ती देव पाण्यात घालून बसेल.

तुमचा फोन बिघडलाय, तुम्ही शेजाऱ्यांच्या फोनवरून करता, हे वहिनीने कालच कळवलं. तो नंबर मी तीन महिने वसुलीवाल्यांचा समजून कापत होते, आणि तुम्ही अबोला धरलाय म्हणून झुरत होते.

रविवारी दुपारी करा. लगेच उचलला नाही, तर ठेवू नका. हात पुढे व्हायला अजून वेळ लागतो.

तुमची धाकटी