अंजिरी अंगरखा

निमोणे,
मंगळवार

प्रिय करुणा,

काल फोनवर आपण एवढं बोललो आणि आज लगेच माझं पत्र, म्हणून तुला नवल वाटेल. गुरुवारी तुझे दादा कामासाठी दौंडला येणार आहेत, त्यांच्या हाती हे देते आहे. आत आमच्याकडच्या पाहुण्यांची यादी आहे असं मी त्यांना सांगितलंय. वाचताना एकटीच बस. लेक जवळ नको, अक्षदाला आत्ताच कळायला नको.

घरचं तसं ठीक आहे. कांद्याची लागण निम्मी झाली. सार्थकची रांजणगावला या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे तो घरात असून नसल्यासारखा. आत्याबाईंचा गुडघा कमी दुखतोय, लेकीला कळव म्हणाल्या. नातीच्या, आपल्या अक्षदाच्या, लग्नात घालायचा त्यांचा ब्लाउज दंडात घट्ट होतोय, म्हणून त्यांनी माझ्याकडून दोनदा उसवून घेतला. पुढच्या महिन्यातलं लग्न त्यांनी आत्तापासूनच अंगावर चढवलंय.

माझ्या शिवणाचं तुला सगळं माहीत आहे, तरी थोडं सांगते, कारण पुढचं त्यावरच आहे. सार्थक चौथीत असताना शाळेसाठी मी त्याला मावळ्याचा पोशाख शिवला होता, चकचकीत सॅटिनचा, बाजारची लेस लावून. त्याच वर्षी तू मला पुण्याला एका संग्रहालयात नेलंस. तिथं काचेमागे खरा जुना अंगरखा होता. बस चुकेल म्हणून तू मला ओढत होतीस आणि मी काचेला नाक लावून कळ्या मोजत होते. घेराला कळ्यांच्या इतक्या तिरक्या पट्ट्या जोडूनही शिवण कुठं दिसत नव्हती. घरी येऊन मी जुन्या चादरीवर तो घेर बेतून पाहिला. तेव्हापासून सकाळी बायकांचे ब्लाउज आणि दुपारी माझं हे वेड. बाराबंद्या झाल्या, जुन्या वळणाच्या चोळ्या झाल्या, अंगरखे तर किती झाले. मग शिरूरचा तो ग्रुप मिळाला. दोन शिक्षक, एक बँकेतले, न्हावऱ्याच्या दोघी बहिणी. वर्षातून दोनदा आपापले जुन्या काळचे पोशाख घालून जमायचं. पहिल्या वेळी मी एसटीत अंगरख्यावर शाल पांघरून बसले होते. घरी आल्यावर आत्याबाईंनी एवढंच विचारलं होतं, की घोडा कुठं बांधलास. छातीवरचे बंद बांधले की माझी पाठ आपोआप ताठ होते, गं. दिवसभर मशीनवर वाकणारी मी तेवढा वेळ कुणी दुसरीच असते.

गेल्या फेब्रुवारीत मी अंजिरी अंगरखा घातला होता, तो फोटो तू पाहिलास. तूच सगळ्यांना पाठवलास. सगळ्यांत आधी तू मला लिहिलं होतंस, ‘आईच्या शालूसारखाच रंग दिसतोय गं.’ मी उत्तर दिलं, की कापड येवल्याहून मागवलं. करुणा, येवल्याहून मी काहीही मागवलं नव्हतं. तू तुमच्या कॉलनीतल्या बायकांना तो फोटो दाखवून माझी वहिनी, माझी वहिनी करत होतीस.

आता सांगतेच. गुडघा धरला तेव्हा आत्याबाईंनी ट्रंकेची किल्ली माझ्याकडे दिली. दर दिवाळीत त्यांचा शालू बाहेर काढायचा, सावलीत वारा द्यायचा आणि घडी बदलून ठेवायचा, एवढंच काम सांगितलं होतं. दोन वर्षं मी ते केलं. मग तीन दिवाळ्या राहून गेलं. शेतीचं काम होतं, घरचं होतं, असं म्हणता येईल. पण खरं ते नाही. त्या दिवसांत मी ग्रुपचे पोशाख शिवत होते. गेल्या दिवाळीत ट्रंक उघडली आणि शालूला हात लावला, तर तो प्रत्येक घडीवर चरचर फाटत गेला. रेशीम घडीच्या रेषेवर पार जळल्यासारखं झालं होतं. आत्याबाई पलीकडच्याच खोलीत होत्या. हाक मारायला हवी होती. मी झाकण लावलं.

आठ दिवसांनी पुन्हा उघडलं. फाटलेल्या रेषांच्या मधे कापड चांगलं होतं. पट्ट्या पट्ट्या, वीतभर रुंद, रंग जसाच्या तसा. हे लिहायला मला सगळ्यांत जड जातंय. तेव्हा मला रडू आलं नाही. मला त्या पट्ट्यांत कळ्या दिसल्या. तसल्या रेशमाचा घेर कसा पडेल ते दिसलं. उरलंय ते तरी वाचवू, असं मी स्वतःला सांगितलं. पण नुसतं वाचवायचंच असतं तर मी लपवलं कशाला असतं? दुपारी आत्याबाई लवंडल्या, की दाराला कडी लावून कापत होते. आणि शिरूरला तोच अंजिरी अंगरखा घातला तेव्हा मी खूश होते, करुणा. तुला खोटं नाही सांगत, फार खूश होते.

काल तू म्हणालीस, की अक्षता पडताना अक्षदा आजीचा शालू नेसणार, रविवारी येऊन घेऊन जाते. मी ‘ये की’ म्हणाले. दोनदा म्हणाले. फोन ठेवल्यावर काय केलं ते ऐक. एका दुकानात फोन करून विचारलं, की अंजिरी रंगाचा, जुन्या काठाचा शालू शनिवारपर्यंत मिळेल का. ट्रंकेत नवा ठेवून द्यायचा विचार होता. पलीकडून माणूस किती वारी, काठ कसा ते विचारायला लागला आणि मला माझीच भीती वाटली. मी फोन कट केला.

आज सकाळी आत्याबाईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. आण म्हणाल्या. मी अंगरखा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी एकेका शिवणीवरून बोट फिरवलं, काठ जिथं जोडलाय तिथं थांबल्या, उलटा करून अस्तर पाहिलं. त्या शिव्या देतील याची मी वाट पाहत होते. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“फाटला तवाच मला का न्हाई सांगितलं?” एवढंच त्यांनी विचारलं. मग अंगरख्याची घडी घालत म्हणाल्या, “करुणाला तू सांगायचं. मी मधी पडायची न्हाई.” आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. त्यानंतर माझ्याशी बोललेल्या नाहीत. दुपारचा चहा त्यांनी स्वतःच उठून केला, माझ्यासाठी मात्र झाकून ठेवला. त्याचा अर्थ काय लावायचा मला कळत नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर मी पुन्हा ‘ये की’ म्हणाले असते. ट्रंकेत शालू नाही, करुणा. अंगरखा आहे, आणि पदर आहे. पदर घडीत सगळ्यांत आत होता, म्हणून अखंड राहिला. त्याला लागून दोन हात काठही आहे. त्यातून अक्षदाला चोळी होईल किंवा खांद्यावर घ्यायला शेला होईल. दोन्ही मी मनात बेतून पाहिलं, आणि कात्री आत्याबाईंच्या उशाशी नेऊन ठेवली. तू सांगितल्याशिवाय त्या पदराला हात लावणार नाही. तसाच न्यायचा असेल तर तसाच ने. अक्षदाचे ब्लाउज माझ्याकडून शिवून घ्यायचे नसतील तर कापड बांधून ठेवते. तिला काय सांगायचं ते तू ठरव. मला सांगायला लावलंस तर मी तिच्यासमोर बसून सांगेन. तुझ्या दादांना तुझं म्हणणं कळल्यावर सांगणार आहे. आपण कॉलेजला एका बाकावर बसायचो आणि तूच हट्टानं मला या घरात आणलंस, याची आठवण मी तुला करून देणार नाही, तेवढा हक्क आज मला नाही. फक्त रविवारी ये. रागावून आलीस तरी ये.

तुझीच,
सुलक्षणा