युसूफभाईंची चहाची पुडी

वाशीम, बाजाराचा दिवस, १९७७

आज पावभर चहासाठी मला तासभर उन्हात उभं केलं गेलं. माझ्यासारख्या नामांकित आळशावर हा अत्याचारच.

आमचे चहापत्तीचे दुकानदार युसूफभाई स्वतः वेगवेगळी पत्ती मिसळतात आणि बाजाराआधी पुड्या बांधून ठेवतात. आता नवा नियम आला : आधी बांधलेल्या पुडीवर नाव, वजन, किंमत छापा, नाहीतर गिऱ्हाइकासमोर तोला. छपाई त्यांना परवडत नाही. म्हणून आज एकेक पुडी तोलत बसले, आणि शेलूबाजार गावाहून आलेली माणसं परतीची जीप निघून जाईल म्हणून रिकाम्या हातानं परतली.

मी कुरकुरलो तर म्हणाले, "गिऱ्हाईक राजा झालं म्हन्ते ना, मास्तर? मंग राजावानी उभे राहा."

नियम वाईट आहे का? नाही. पलीकडचा दुकानदार चहात रंगवलेला भुसा घालतो, त्याच्यासाठी हवाच होता. पण त्यानं पाकिटं छापून घेतली. भुसा तोच, आता कायदेशीर. अडकली ती युसूफभाईंची पुडी.

गर्दी ओसरल्यावर युसूफभाई म्हणाले, "मोठ्या चहा कंपनीची एजन्सी घेऊन राह्यलो. पाकिटं छापूनच येतात. पन अट हाय, दुकानात दुसरा चहा ठेवाचा नाई."

"आणि तुमचा?"

"मायावाला? घरी पिईन."

दर नव्या मिश्रणाचा पहिला कप ते मला फुकट पाजत आणि तोंडाकडे बघत बसत. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही चहा पाजला नव्हता. संध्याकाळी त्यांचाच चहा घरी उकळला, किटलीतून नेला, कप त्यांच्यापुढे ठेवला. ते प्यायले. कसा झाला, हे विचारायचा धीर मला झाला नाही.