न उघडणाऱ्या खिडक्या

अब्बा, तुम्ही माझं ऑफिस एकदाच पाहिलंत. नाटकांचा हंगाम संपला होता, राजे आणि शिपायांचे पोशाख शिवून तुमचे हात मोकळे झाले होते, म्हणून वडशाहून सकाळच्या गाडीनं चंद्रपूरला आलात. सिमेंटच्या ट्रकांची ने-आण बघणारं आमचं ऑफिस, दुसऱ्या मजल्यावर, समोरून सगळी काच. तुम्ही माझ्या खुर्चीत बसून एसीखाली मान पुढे केलीत. "बेटा, इथी त पसीनाच येत नाई. आता मले तुही फिकर नाई." त्याच वर्षी हिवाळ्यात तुम्ही गेलात.

तुम्हाला सांगायचं राहिलं, की त्या इमारतीला उघडणारी एकही खिडकी नाही. दुपारनंतर पश्चिमेचं ऊन काचेवर येतं. एसीतून ओल्या फडक्याचा वास येतो, सगळे खोकत असतात. डोकं दुखतं म्हणून मी चहा घेते, चहानं छातीत जळजळतं, तेवढ्यात फोन वाजतो. ट्रक कुठी अडकला, काऊन अडकला, माल आजच पाहिजे.

माझ्या शेजारी गडचांदूरचे एक भाऊ बसायचे. काम मला त्यांनीच शिकवलं. गेल्या उन्हाळ्यात एसी बंद पडला तेव्हा ते साहेबांकडे गेले. "साहेब, एक काच तरी काढून द्या. जीव घाबरून राह्यला."

"काचा फिक्स आहेत. उद्या माणूस येईल," साहेब म्हणाले. "राजुऱ्याचे ट्रक आधी सोडवा."

भाऊ परत येऊन बसले आणि ट्रक सोडवत राहिले. मग माझ्याकडे वळून काही बोलायला गेले, तर शब्दच फुटेना, ओठ एका बाजूला ओढला गेला. चौघांनी खुर्चीसकट त्यांना जिन्यानं उतरवलं. मी त्यांच्या चपला हातात घेऊन मागे. वर त्यांचा फोन वाजतच होता.

महिन्याभरानं भेटायला गेले. भाऊ खाटेवर, उजवी बाजू गेलेली. तेवढ्यात माझा मोबाइल वाजला आणि त्यांचा डावा हात उठून कानाशी गेला. वहिनींनी तो हळूच खाली घेतला. "कोनाचाबी फोन वाजला का असंच करते," त्या म्हणाल्या. "बोलता येत नाई, पर समजते सारं." मी मोबाइल बंद केला. भाऊ माझ्याकडेच बघत होते.

खिडक्यांसाठी सगळ्यांनी मिळून साहेबांकडे जायचं ठरलं होतं. केबिनच्या दारापर्यंत पोचले तेव्हा मी एकटीच होते. मालकाशी बोलतो, असं साहेब म्हणाले. एसी दुरुस्त झाला आणि विषय संपला. मलाही आता बीपीची गोळी सुरू झाली आहे. डॉक्टर म्हणतात, काम बदला. दोन ठिकाणी जाऊन आले. तिथेही काच, तिथेही तेच फोन. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या बाई मधेच खोकायला लागल्या, तेव्हा मी पुढचं विचारलंच नाही.

परवा भाऊंची जागा मला दिली. बढती आहे. मी हो म्हटलं. अम्मीनं मोहल्ल्यात शिरणी वाटली. वहिनींना मी अजून कळवलेलं नाही.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणून एवढं लिहिता आलं. तुम्ही असता, अब्बा, तर फोनवर मी तुम्हाला फक्त बढतीचंच सांगितलं असतं.