बाहेर उणे चाळीस

जुन्नर, सोमवार

प्रिय अरिहंत,

ते झालं तेव्हा तू गाडीत नव्हतास आणि तुला जे कळलं ते इतरांकडून. म्हणून आधी जे झालं तेवढंच लिहिते.

१. साध्वीजींच्या दर्शनासाठी तुझ्या दादीजींना घेऊन आपण मंचरहून ओतूरला निघालो. तू गाडी चालवत होतास, आम्ही दोघी मागे. पुढच्या सीटवर कार्यक्रमात वाटायच्या स्टीलच्या डब्यांचे खोके होते.

२. आळेफाट्याला कांदा मार्केटबाहेर तू उन्हात गाडी थांबवलीस. इंजिन चालू, एसी ऑटोवर, आकडा बावीस. "दहा मिनिटांत आलो, बसा आरामात," असं म्हणून तू आत गेलास.

३. काही वेळाने एसीच्या जाळीतून गरम हवा येऊ लागली.

४. मागच्या काचा उतरेनात. ड्रायव्हरकडच्या बटणाने त्या बंद ठेवल्या होत्या. मागची दारं आतून उघडेनात. चाइल्ड लॉक लावलेलं होतं.

५. तुला फोन लावला. तो पुढे चार्जिंगला होता. गाडीतच वाजला.

६. दादीजी म्हणाल्या, गप बस. मी बसले.

७. दादीजींची मान माझ्या खांद्यावर पडली. मी दोन सीटच्या मधून, खोके ढकलून पुढे गेले, तुझ्या दाराने उतरले आणि मागचं दार बाहेरून उघडलं.

८. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांना हो मी म्हटलं. दादीजींचा वर्षीतप त्यामुळे मोडला.

"सुनेने भर बाजारात तमाशा केला" हे या यादीत नाही. मी ओरडले नाही, रडलेही नाही. डोक्यावरचा पदर खोक्यांत अडकून निघाला, तेवढं खरं आहे.

इथे माहेरी सहाव्या मुद्द्यावर माझे वडील अडले. म्हणाले, इंजिनिअर ना तू, मग बसून का राहिलीस? तूही हेच विचारलं असशील, म्हणून सांगते. मी पुढे जायला उठले तेव्हा दादीजींनी माझा हात धरला. "मार्केटात सगळे आपले व्यापारी. कोणाची सून उतरली म्हणून उद्या मंचरात बोलतील. येईल अरिहंत." हात गरम होता आणि पकड घट्ट. वर्षभर एक दिवस उपवास, एक दिवस जेवण, असा वर्षीतप करत त्या पारण्याच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या तोंडाशी आल्या होत्या. तो दिवस उपवासाचा होता, फक्त उकळलेल्या पाण्याचा, आणि पाण्याची बाटली डिकीत होती. जी बाई वर्षभर भूक सहन करते तिच्यापुढे मला उकडतंय म्हणायची लाज वाटली. पंखा इतक्या जोरात फिरत होता की आता थंड होईल, आता होईल, असंच वाटत राहिलं.

सेन्सरबद्दल मी तुला फाल्गुनात सांगितलं होतं. पावसाळ्यात माळशेजला बंपर निखळला, तो परत बसवताना त्यामागच्या बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरचा कनेक्टर नीट बसला नव्हता. गतिरोधकावर गाडी आपटली की तुझ्यासमोरचा आकडा तिसावरून थेट उणे चाळीसवर जायचा. तू तुझ्या मित्राला, विपुलला बोलावून दाखवलंस, "बघ राव, आळेफाट्याला काश्मीर झालंय!" आणि उतरून बंपरला लाथ मारलीस. आकडा परत आला. विपुल म्हणाला, वहिनींचं शिक्षण वाया गेलं, तुझी लाथ बरी. तुम्ही दोघं हसलात. मीही हसले असेन.

लग्नाआधी चाकणच्या लॅबमध्ये मी हेच सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासत होते, म्हणून पुन्हा लिहिते. थंडी वाढली की या सेन्सरचा विद्युत रोध वाढतो. वायर सुटली तर रोध इतका होतो की गाडीला वाटतं, बाहेर तिला मोजता येईल तेवढी सगळी थंडी आहे. आत दुसरा सेन्सर असतो. तो त्या दुपारी खरंच सांगत असणार की आत भट्टी झाली आहे. पण कॉम्प्रेसर चालवायची परवानगी बाहेरच्या आकड्यावर मिळते. एवढ्या थंडीत कॉम्प्रेसर खराब होईल म्हणून यंत्रणा तो लावतच नाही. उलट बाहेर बर्फ आहे म्हटल्यावर आतल्या माणसांच्या काळजीने इंजिनची ऊब आत सोडते. त्या यंत्रणेने चूक केली नाही. तिला जे कळवलं गेलं त्यानुसार ती वागली.

मी मागचं दार उघडलं तेव्हा कांदा निवडणारी एक बाई धावत आली. लंकाबाई नाव, नंतर विचारलं मी. दादीजींना तिने पोत्यासारखं नाही, लेकरासारखं उचललं. "अगं बया, म्हातारी पार भाजली की!" मग मागच्या दाराची कडी दोनदा ओढून बघितली तिने. "बाहेरून तर उघडतंय की. आतून न्हाई व्हय उघडत? अन् तुमी तशाच बसून ऱ्हायला?" टेम्पो तिनेच थांबवला. तू मार्केटातून बाहेर आलास तोवर आम्ही निघालो होतो. तू गाडी घेऊन मागोमाग दवाखान्यात आलास आणि पहिला प्रश्न विचारलास, "तू उतरलीस कशी?" दादीजी कशा आहेत हा दुसरा होता.

तू औषधं आणायला गेलास तेव्हा तुझ्याकडची किल्ली मी मागून घेतली होती, आठवत असेल. दवाखान्याच्या आवारात मी गाडीपुढे गुडघ्यावर बसून बंपरच्या खालून हात घातला. कनेक्टर लोंबत होता. बसवला आणि पुन्हा निसटू नये म्हणून केसांचं रबर गुंडाळलं. आकडा एकेचाळीसवर आला, हवा गार झाली. तुझ्या निरोपात "मेकॅनिककडून गाडी ओके करून घेतली, एसी एकदम चिल्ड, रविवारी घ्यायला येतो" असं आहे. त्या मेकॅनिकला तिथे काळं रबर दिसलं असेल. ते माझं आहे. परत नको.

दादीजी माझ्यावर रागावल्यात असं तुझ्या मम्मी म्हणतात. मला तसं वाटत नाही. सलाईन लागल्यावर त्यांनी डोळे उघडले, सुईकडे बघितलं आणि समजल्या. मग म्हणाल्या, "आमच्या वेळच्या जीपला दारंच नव्हती, हर्षा. तरी आम्ही उतरलो नाही." एवढंच. मग माझ्याकडे पाठ करून झोपल्या, पण हात मागे, माझ्या हातात ठेवून.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. चाइल्ड लॉक तुझ्या पुतण्यासाठी, शौर्यसाठी होतं, असं तुम्ही सगळे म्हणता. शौर्य आता मोठा झाला, तुझ्या शेजारी पुढे बसतो. गेल्या पर्युषणात मी ते लॉक काढलं होतं. दाराच्या कडेला छोटी खाच असते, किल्लीच्या टोकाने फिरवायची. दोन्ही दारांचं काढलं, कोणाला सांगितलं नाही. त्यानंतर लोणीच्या लग्नात कोणी दार उघडायच्या आत मी स्वतः उतरले. "फार घाई झालीय हिला," असं मम्मी म्हणाल्या आणि तू आरशात माझ्याकडे पाहिलंस. पुढच्या वेळी गाडीत बसले तेव्हा दार आतून उघडेना. मला वाटलं, आपणच नीट फिरवलं नसेल. त्या दिवशी दवाखान्याच्या आवारात दोन्ही दारं उघडून पाहिली. खाच पूर्ण फिरवलेली होती, दोन्हीकडे सारखी. कनेक्टर धक्क्याने सुटतो. ही खाच धक्क्याने फिरत नाही. ती किल्लीने फिरवावी लागते आणि किल्ली तुझ्याकडे असते. ती तू फिरवलीस, की दुसऱ्या कोणी फिरवली आणि तुला माहीत होतं, की तुलाही माहीत नव्हतं, एवढंच मला हवं आहे. तिन्ही उत्तरं मी वाचू शकेन. फोन करू नकोस, तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो. तुझ्या हाताने लिहून शनिवारपर्यंत इथे पोचव. उत्तर आलं नाही तर रविवारी गाडी आणू नकोस.

अजून तरी तुझीच,
हर्षा