दिवेलागणीचा काटा

४ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दोन गाड्या, दोन्हींची तक्रार एकच: ब्रेक दाबला तरी मागचे दिवे लागत नाहीत. पेडलखालचा स्विच. एकाचा साफ केला, दुसऱ्याचा बदलला. दहा मिनिटांत माणूस खूश होऊन जातो असे धंदे जगात फार नाहीत.

साडेदहाला जयवंत शेट मिनीबस घेऊन आला. बरोबर शाणू. डिचोली-आमोणे गाडी शाणू आठ वर्षं चालवतोय. दोडामार्गकडचा, अबोल माणूस. दुकान सांभाळून मी व्याख्यानंही देतो; माझं भाषण कुठेही असो, हा पुढच्या बांकावर.

तक्रार डिझेलच्या काट्याची. महिनाभर रोज संध्याकाळी गाडी अंगणात आली की शेट काटा बघतो, आणि तो असायला हवा त्याच्या पाव टाकी खाली. सकाळी डिझेल भरणं शाणूकडे, संध्याकाळी बघणं शेटकडे. बोलताना शेट शाणूकडे एकदाही बघत नव्हता. म्हणजे सगळं त्याच्याबद्दलच चाललं होतं.

मी शाणूला विचारलं. तो एवढंच म्हणाला, "भाई, दिवेलागणीक काटो पडता. सकाळी परत वर येता. माका काय ता कळना नाय."

शेट म्हणाला, चोरलेलं भिऊन परत ओतत असेल. मग मला: "म्हाका भाशण नाका. कांटो खरो काय शाणू खरो, तितलें सांग."

गाडी उद्यावर ठेवली. शाणू चालत गेला.

५ नोव्हेंबर, बुधवार

टाकीतला सेन्सर बाहेर काढला. तरंगणारा गोळा सावकाश वर, सावकाश खाली. मीटरवर आकडा एकदाही अडखळला नाही. काट्याकडे जाणारी तार बॅटरीच्या अर्थला, म्हणजे निगेटिव्हला, टेकवली, काटा फुल्लवर. सोडली, तळाला. टाकीत डोकावलो: डिझेल काटा सांगत होता तेवढंच. सगळं जसं असावं तसं. असं काम झालं की मला गाणं सुचतं, आज हात धुताना गुणगुणलोही.

चहाला हॉटेलात गेलो. शेट बांकावर वाटच बघत होता, आजूबाजूला नेहमीची पाच-सात माणसं. मी उभ्यानेच सांगितलं: सेन्सर निर्दोष, काटा निर्दोष, तार निर्दोष. मीटर कुणाची भीड धरत नाही. वाक्य चांगलं जमलं, दोघातिघांनी माना डोलावल्या.

"मगीर चोर कोण?" शेट.

त्यावर मी गप्प राहायला हवं होतं. पण माझ्या तोंडाला गप्प राहण्याची सवय नाही. म्हटलं, शाणूच म्हणतो, दिवेलागणीला काटा पडतो; त्या वेळी गाडी आमोण्याला नदीकाठी अर्धा तास उभी असते, काळोख पडत असतो, तिथे काय होतं ते बघा. माझ्या मनात कुणीतरी तिसराच भुरटा होता. शेटच्या मनात कोण होता, ते त्याच्या तोंडावर दिसलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शाणूला काढलं. चोर म्हटलं, तेही हॉटेलात, सगळ्यांसमोर.

बायको, मालिनी, शाळेत शिकवून येताना बातमी घेऊन आली. गाडीतली लईराई देवीची तसबीर त्याने पिशवीत घातली, किल्ली शेटच्या मेजावर ठेवली आणि गेला. भांडला नाही. त्यामुळे सगळे म्हणतात, चोर नसता तर भांडला असता.

मालिनीने जेवताना विचारलं, तुमच्या मीटरने शाणूचं नाव घेतलं होतं का? म्हटलं, मी फक्त सेन्सरबद्दल बोललो. ती म्हणाली, "गावाने शाणूबद्दल ऐकलं." आणि उंड्याचा, म्हणजे पावाचा, उरलेला अर्धा भाग माझ्या ताटात टाकला. भांडणात ती एवढंच बोलते.

रविवारी आमोण्याच्या वाचनालयात व्याख्यान. विषय त्यांनीच दिलाय: श्रम आणि प्रतिष्ठा. टिपणं काढायला बसलो. निघाली नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

दिवस छान गेला, हे लिहायला संकोच वाटतो. एका पिकअपचा रिव्हर्सचा दिवा पुढे जातानाही जळत होता. मालकाने तीन ठिकाणी दाखवला होता, तिघांनी तीन वस्तू बदलल्या. मी काहीच बदललं नाही. तारेच्या मागे मागे जात राहिलो, आणि गिअरबॉक्सजवळ ती सोलून स्विचला चिकटलेली सापडली. शोधताना जो आनंद असतो तो सापडल्यावरही उरत नाही. वाचनाचंही असंच आहे.

दुपारी टिपणं जमली. सुरुवात चांगली आहे, शेवट दणदणीत.

९ नोव्हेंबर, रविवार

व्याख्यान चांगलं झालं. कष्टकऱ्याचा शब्द हाच त्याचा दस्तऐवज, या वाक्याला टाळ्या. बोलता बोलता पुढच्या बांकावर शाणूच्या रिकाम्या जागेकडे नजर गेली, आणि पुढचा मुद्दा विसरलो. पाणी प्यायलो. लोकांना वाटलं, भारावलो.

परत यायला तीच मिनीबस. चालवायला स्वतः जयवंत शेट, नवीन ड्रायव्हर मिळालेला नाही. मी डाव्या हाताला पुढच्या सीटवर. शेट माझ्याशी गोडीने बोलत होता. काटा अर्ध्याच्या जरा वर.

सूर्य गेला. शेटने दिवे लावले. आणि काटा निघाला. झटक्याने नव्हे, एखादा माणूस सभेतून हळूच उठून जातो तसा. बघता बघता पाव टाकी खाली.

पुढच्या थांब्यावर माणसं उतरत होती तेव्हा म्हटलं, "शेट, दिवे बंद कर."

"खुळो जालो?"

"उभी आहे तोवर. बंद कर."

बंद केले. काटा परत वर चढला. लाव म्हटलं, लावले. उतरला. तिसऱ्या वेळी शेटचा हात दिव्याच्या बटणावर तसाच राहिला. मागून एक मासळीवाली ओरडली, "तुळशीचें लग्न जालें न्हय? आतां कसले दिवे लायतात आनी पालयतात?" सगळी बस हसली. आम्ही दोघं सोडून.

शाणू दिवेलागणीला म्हणाला, आणि मी ऐकली ती वेळ. सांजवेळ, तिन्हीसांज, माझ्या भाषणात येतात ते सगळे शब्द एका वेळी डोक्यात आले. तो दिवे लागण्याबद्दलच सांगत होता. गाडीचे दिवे. तक्रार कशी सांगावी हे त्याने मला वर्कशॉपमधल्या कुठल्याही माणसापेक्षा नेमकं सांगितलं होतं: काय केलं की काय होतं. मी त्यातून कविता काढली. वर ती हॉटेलात म्हणून दाखवली.

१० नोव्हेंबर, सोमवार

उजाडताच शेटच्या अंगणात. त्याने बोलावलं नव्हतं, पण फाटक उघडं ठेवलं होतं.

मीटरची एक पिन टाकीच्या अंगाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवे बंद: जवळजवळ शून्य. दिवे चालू: दीड व्होल्टच्या वर. तिथे काही असताच कामा नये. म्हणजे टाकीचा आणि मागच्या दिव्यांचा अर्थ एकाच बोल्टवर, आणि तो अर्धवट टेकलेला; दिवे लागले की काटा फसतो. बुधवारी मी तार तपासली ती माझ्या स्वतःच्या लांब काळ्या वायरने, बॅटरीचा चांगला अर्थ घेऊन. टाकीला तिच्या स्वतःच्या अर्थवर उभी करून बघितलंच नाही. दिवेही लावले नाहीत. दिवसा कोण लावतो?

गाडीखाली शिरलो. बोल्ट सापडला. त्याच्यावर, त्याच्या मागे, तारेच्या रिंगेखाली, सगळीकडे सुंदर लाल रंग, आणि रंगातून वीज जात नाही. दसऱ्याला शेटने बस रंगवून घेतली होती. पूजेला गाडी नवरीसारखी दिसायला हवी, एक बोटभर जागा सुटता नये, हे त्याने रंगाऱ्याला बजावलेलं. रंगाऱ्याने प्रामाणिकपणे बोल्टसुद्धा सैल केला, खाली रंग लावला, परत आवळला. महिनाभर काटा पडतो म्हणाले होते. दसऱ्याला महिना झाला. महिन्यापूर्वी गाडीला काय केलं, हा प्रश्न मी विचारलाही नव्हता.

कानशीने लोखंड उघडं केलं, रिंग घासली, बोल्ट आवळला, वर ग्रीस. दिवे लावले. काटा हलला नाही. मीटरवर पुन्हा शून्याच्या आसपास.

शब्दाचा अर्थ चुकला आणि टाकीचा अर्थ सुटला. व्यासपीठावर याला टाळ्या पडल्या असत्या. खाली मातीत पालथा पडून सुचलं आणि लाज वाटली.

शेट सगळं वाकून बघत होता. म्हणाला, "आपय ताका."

म्हटलं, तू बोलाव. काढलंस तू.

"हांव मालक न्हय?" एवढं म्हणून आत गेला.

एरवी मी त्याच्या अंगणातच सुरू झालो असतो. आज मीटर आणि कानशी पिशवीत भरली. माफी मागण्यात आधी माझा नंबर.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दोडामार्गच्या पुढे शाणूच्या घरी. रस्त्याला दोन्ही बाजूंनी कापणी झालेले मळे, हवेत थंडी. चांगलं वाटत होतं.

तो खळ्यावर भात झोडत होता. मला बघून थांबला नाही. मी तिथेच उभा राहून सगळं सांगितलं: दिवे, बोल्ट, रंग, माझी काळी वायर, आणि दिवेलागण. त्याने ऐकून घेतलं, हातातली पेंढी झोडून संपवली. मग बसला आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"भाई, इतकी पुस्तकां वाचलात तुम्ही. दिवे लागले म्हणजे दिवे लागले, ता कळाक नाय तुमका?"

त्याची बायको चहा घेऊन आली. तिला मात्र हसू आलं नाही. तिने कप माझ्या हातात न देता बाजूच्या दगडावर ठेवला. मुलगी शाळेत गेली नाही दोन दिवस, म्हणाली. पोरं विचारतात.

परत येणार का, विचारलं. शाणू म्हणाला, शेटने त्याला घरात चोर म्हटलं असतं तर घरात मागे घेतलं तरी चाललं असतं. शेटने म्हटलं ते हॉटेलात. "थंयच बोलाक होया. आणि तुम्ही पयले बोला, तुमचा बोलणा लोकांक पटता."

तो टोमणा होता की मान, मला अजून ठरवता येत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बोललो. सकाळी आठला, हॉटेल भरलेलं असताना. मागच्या आठवड्यातल्या बुधवारच्या त्याच जागेवर उभा राहून.

आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण: शाणूने डिझेल चोरलं नाही. काटा दिव्यांमुळे पडत होता. शाणूने मला ते सांगितलं होतं, मी नीट ऐकलं नाही आणि तुम्हाला चुकीचं सांगितलं.

एकजण म्हणाला, भाई, आज माइक खंय? थोडे हसले. मी बसलो, पाव-भाजी मागवली. भूक खरंच लागली होती. चारपाच जण जवळ येऊन बोल्टबद्दल विचारू लागले. एकाच्या रिक्षाचा हॉर्न दिवे लावले की घोगरा होतो म्हणे. घेऊन ये म्हटलं.

शेट कोपऱ्यात होता. चहात साखर ढवळत राहिला, चहा न पिता उठला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शेटने माणसाकडून निरोप पाठवला: शाणूला सांग, सोमवारपासून ये, जुनं विसर. मी निरोप घेतला नाही. माणूस गोंधळला. म्हटलं, हा निरोप दुसऱ्याकडून पोचवायचा नसतो, स्वतः न्यायचा असतो.

मालिनी म्हणाली, आता तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही मध्ये पडलात की त्याचं व्याख्यान होतं. बरोबर आहे.

रिक्षाचा हॉर्न बरा झाला. अर्थच.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुपारी दोनला मिनीबस रिकामी माझ्या दारात. शेट उतरला नाही, खिडकीतून बोलला. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले.

"भाई, सुरवात कशी करूं?"

एवढी वर्षं बोलतोय मी. विचारा, कुठल्याही विषयावर दीड तास. या माणसाला एक वाक्य द्यायचं होतं, आणि दिलेलं प्रत्येक वाक्य माझं झालं असतं. म्हटलं, त्याचं नाव घे, पुढे बघ काय येतं ते. आणि इथे हॉटेलात तुला काय बोलायचंय तेही त्याला तिथेच सांग, म्हणजे नंतर शब्द फिरवणार नाहीस.

त्याने मान हलवली. गाडी दोडामार्गच्या रस्त्याला लावली. गिअर दोनदा चुकला.

पाचची आमोण्याची फेरी. आता पाच वाजून गेलेत. समोर स्टँडवर माणसं पिशव्या घेऊन उभी आहेत. मघाशी एकजण येऊन विचारून गेला, बस येतली मरे, भाई? म्हटलं, येईल. कोण चालवत आणेल ते त्याने विचारलं नाही. मी दुकान बंद करायचं सोडून टेस्ट लॅम्पच्या पिना पुसत बसलोय, पुसलेल्याच.