भिंगरीचा पहिला नंबर

५ ऑक्टोबर

चि. लंबूस व सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

जीभ माझी, हात खालच्या औषधवाल्याचा. गिऱ्हाईक आलं की तो उठतो, तेव्हा मधेच वाक्य तुटलं तर दोष कुणाच्या तरी खोकल्याला दे.

बातमी मोठी आहे. भिंगरीचं सहामाही प्रगतिपुस्तक आलं. अक्षर कळत नसलं तरी नंबर बघून बस पकडणारी बाई मी, आकडे बरोबर ओळखते, विषय तेवढे तिलाच विचारत गेले. तुझी लेक गणितात दुसरी, वाचनात दुसरी, आणि एका ओळीत तर चक्क पहिली! कशात, म्हणून विचारलं, तर म्हणाली, मनातलं लिहिण्यात. आणि पळाली. लाजली असेल. मी अख्ख्या जिन्याला सांगून आले.

प्रगतिपुस्तक सोबत घातलंय. औषधवाल्याला उघडू दिलं नाही, दृष्ट लागते.

लोभ आहेच. तो वाढवायचा तर समोर यावं लागतं.

तुझी आई

१४ ऑक्टोबर

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग प्रगतिपुस्तक उघडलं आणि हसू मावळलं. आई, ते नंबर नाहीत. चारपैकी दोन आहेत, म्हणजे निम्मे. जिथे तू तिला पहिली केलीस तिथे चारपैकी एक. टक्के नाहीत, क्रमांक नाही, काही नाही. मी बंदरावर क्रेनमध्ये भाजून निघतो, ही दवाखान्यात रात्रपाळ्या करते, ते यासाठी?

तुझा दोष नाही. तुला वाचता येत नाही आणि आम्ही तिथे नाही. इथे जवळ एक वसतिगृहाची शाळा आहे. दर आठवड्याला परीक्षा घेतात. आमच्या खोलीत तिला ठेवता येणार नाही, पण रविवारी भेट तरी होईल. महिनाअखेरीला होकार कळवायचाय. तू मन घट्ट कर.

आशीर्वाद असू दे.

तुझा लंबू

२२ ऑक्टोबर

चि. लंबूस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलंस? आज हात भिंगरीचा.

तुझं पत्र औषधवाल्याने वाचलं. एक म्हणजे तळाचा, हे सांगताना माझ्यापेक्षा तोच जास्त ओशाळला. आणि या बयेला सगळं ठाऊक होतं! गप्प का बसलीस, विचारलं, तर म्हणते, आजी, तू किती दिवसांनी खूश झाली होतीस.

मग शाळा गाठली. बाईंना म्हटलं, मला समजेल असं सांगा, म्हणजे माझ्या शिकलेल्या मुलालाही समजेल. त्या म्हणाल्या, वर्षअखेरीला मुलांना काय काय यायला हवं ते आधीच ठरलेलं असतं. त्या वाटेवर पोर कुठवर आलं, तेवढं हा आकडा सांगतो. एक म्हणजे सुरुवात. दोन म्हणजे आधार दिला की जमतं. तीन म्हणजे आपलं आपण जमतं. चार म्हणजे त्याच्याही पुढे. सहामाहीला दोन म्हणजे पोर वेळेवर चाललीय. दुसऱ्या मुलांशी ताडून बघायचं नाही आणि आकड्यांची बेरीज करायची नाही.

तरी मी तुझ्या वतीने भांडले. सगळं मिळून टक्के किती ते बोला, म्हटलं. त्यावर बाई म्हणाल्या, टक्के सांगितले असते तर ही कुठे अडलीय ते त्यातच बुडालं असतं. हे मात्र पटलं. दोन्ही बाह्या विणून झाल्या आणि गळा राहिला, तर साठ टक्के स्वेटर म्हणून कुणी अंगात घालतं का?

अडलंय ते त्या एका ओळीत. ‘माझं घर’ लिहायला दिलं होतं. हिने लिहिलं, घरात आजी आहे. आई-बाबा फोटोत आहेत. मग पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. बाई म्हणाल्या, तिच्या मनात खूप आहे, पण ते लिहायला समोर कुणीतरी हवं. म्हणून औषधवाल्याला रजा दिली.

वसतिगृहाचं तुम्ही ठरवा. माझं काय, एक ताट कमी घासायचं. मी अगदी मजेत आहे. हे ठळक लिही म्हणून हिला बजावलंय.

लोभ शिळा होऊ देऊ नका.

तुझी आई

बाबा, इथून पुढचं आजीने सांगितलेलं नाही. तिला वाटतंय मी पत्ता लिहितेय.

आजी मजेत नाही. संध्याकाळी कोपऱ्यावर बस थांबली की ती उठते आणि दाराची कडी बघून येते. कडी चांगली आहे. मग मी सांगते, बस गेली. मग ती बसते. मी वसतिगृहात गेले तर तिला कोण सांगणार? मला तुमच्याजवळ यायचंय, खूप यायचंय, पण तिला एकटं टाकून नको. तुमचा जुना शर्ट मी उशीला घातलाय. त्याचा वास गेला, पण बाही आहे, ती हातात धरते. आईचं काही राहिलं नाहीये इथे. तिला एक ओढणी पाठवायला सांगा, न धुतलेली.

आजी विचारतेय, पत्ता एवढा लांब कसा.

१ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आई-बाबांचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझं आहे. आजीला वाचून दाखवू नकोस. काय लिहिलंय विचारलं तर सांग, सगळे मजेत आहेत.

वसतिगृहाला नाही म्हणून कळवलं. तुझं पत्र आई पुन्हा पुन्हा मागून घेते, लवकर परत देत नाही. आम्हा दोघांना रजा मिळालीय. बाईंना निरोप दे की पालकसभेला येतोय, आम्ही कुठवर आलोय ते जरा सांगा म्हणावं. ओढणी पाठवत नाही, अंगावर घेऊनच येतेय ती.

शनिवारी संध्याकाळी बस थांबेल. आजी उठेल, कडी बघायला जाईल. जाऊ दे तिला. फक्त त्या दिवशी, बस गेली, असं लगेच सांगू नकोस.

तुझा बाबा