जमनाबाईचा खडू

गुरु. ८ जाने.
जमनाबाई आली. बोहारीण असली तरी पोस्टमनपेक्षा वेळेची पक्की, गुरुवार चुकत नाही. नेहमीप्रमाणे बेल न वाजवता कडी हलवली. म्हटलं, अगं, बेल काय शोभेला लावलीय? नुसती हसली. लिफ्ट फेरीवाल्यांना बंद, म्हणून चार मजले पाटी डोक्यावर घेऊन चढते. उतरवायला हात दिला तर माझाच खांदा भरून आला.

समोरच्या नलूने दोन साड्या आणि नवऱ्याच्या तीन पँटी देऊन हळदीकुंकवाच्या वाणाला वाट्या घेतल्या. तासभर घासाघीस. ज.बाई पँट उजेडात धरून म्हणते, ही तर बसून बसून संपलेली.

मी ह्यांच्या कपड्यांचं गाठोडं पुढे केलं. हात लावला नाही. म्हणाली, भाभी, वर्ष होऊ दे, मी काय पळून जाते? हे गेल्याला फेब्रुवारीत वर्ष होईल.

जाताना नलूच्या चौकटीला खाली खडूने रेघ मारून गेली. लिहितावाचता येत नाही, म्हणून खुणा. माझ्या दाराशी एक गोल आहे, तीनेक वर्षं तरी झाली, पुसट झाला की गिरवते. मागे विचारलं होतं तर म्हणाली, ती माझी वही, भाभी. कुणाला बोलू नका, सेक्रेटरी ओरडेल.

सोम. १२ जाने.
दूध घ्यायला दार उघडलं तर दारावर लाल डोळा! रुपयाएवढा स्टिकर. नाव नाही, गाव नाही. बिल्डिंगमधे निम्म्या दारांवर तोच. सेक्रेटरी पाटणकरांचा मेसेज, कुणी हात लावू नये, ठसे जातील. मी तर उलथन्याने खरवडून टाकला होता.

बुध. १४ जाने.
संक्रांत, पण तिळगूळ कुणाला सुचतोय. ग्रुपवर कुणा बाईचा आवाज फिरतोय, टोळी आली आहे, डोळा म्हणजे घरात बाई एकटी. मुलुंड पश्चिमेलाही दिसले म्हणे. मुलांचे क्लास बंद. कामवाल्यांच्या पिशव्या गेटवर उपड्या करतात. वॉचमनला काढून टाकलं. लेकीचा ठाण्याहून फोन, आई, साखळी लाव. साखळी लावली, वर दाराला खुर्ची पण लावली. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. एकटी बाई म्हणजे मीच की.

शनि. १७ जाने.
नलूचं ह.कुं. मला म्हणाली, तू ये गं, जरा मदतीला. मदतीला! गेल्या वर्षी ह्याच बायांनी माझी ओटी भरली होती. मी आत ओट्याशी लाडू ताटल्यांत लावतेय आणि बाहेर सगळ्या डोळ्याबद्दल बोलतायत. तास झाला, एकीने विचारलं नाही, सुलूताई, तुम्ही कशा आहात.

मग काय झालं मला, देव जाणे. हात पुसत दारात आले आणि म्हटलं, खुणा तर आपली जमनाबाई पण करते.

मग सगळ्या माझ्याकडे. कुठे करते, कशाने करते, कधीपासून? मी त्यांना बाहेर नेऊन वाकून दाखवल्या. प्रत्येक दाराची रेघ. बरं वाटलं. त्या घटकेला खरंच बरं वाटलं मला.

नंतर म्हटलं, अहो, ती तसली नाही, वीस वर्षं येतेय. तोवर फोटो ग्रुपवर गेले होते. टेलिफोन एक्स्चेंजमधे मी तीस वर्षं लोकांचे फोन जोडले, एक शब्द कधी बाहेर काढला नाही. आणि आज.

गुरु. २२ जाने.
लिहवत नाही.

अकराला गेटवर आरडाओरडा. गॅलरीतून पाहिलं. ज.बाईला धरलेलं, आपल्या बिल्डिंगचे होते, बाजूचेही. पाटी उपडी, डबे रस्त्यावर. एकीने केस धरले होते, ती आपलीच. हात मुरगळला. कमरेच्या पिशवीतून खडू निघाला तो पाटणकरांनी उंच धरून सगळ्यांना दाखवला.

मी आत आले. चप्पल घातली. साखळी काढली. परत लावली.

शुक्र. २३ जाने.
पोलिसांनी तिला काल दिवसभर बसवून संध्याकाळी सोडलं. काही सापडलंच नाही. पण व्हिडिओ सुटलाय, ‘टोळीतली बाई पकडली’. माझ्याच लेकीने मला पाठवला, आई, बघ आणि सावध राहा. तीन वेळा पाहिला. गोंगाटात तिचं एकच वाक्य नीट ऐकू येतं. “चार नंबर माळ्यावरच्या भाभीला विचारा, त्या वळखतात मला.”

जेवले नाही.

सोम. २६ जाने.
झेंडावंदन. पाटणकरांनी भाषणात माझं नाव घेतलं. सावंतकाकींच्या सतर्कतेमुळे वगैरे. गुलाब दिला. टाळ्या. मी घेतला, फोटोलाही उभी राहिले. घरी येऊन मोरीत फेकला. मग उचलून पेल्यात ठेवला, फुलाचा काय दोष.

बुध. ४ फेब्रु.
पेपरातून पत्रक पडलं. वर तोच लाल डोळा. ‘तुमच्या दारावर कुणाची नजर आहे?’ खाली कुलुपाचं चित्र. बोटाच्या ठशाने उघडणारं. जाहिरात होती! माणसं पाठवून घराघरांवर डोळे चिकटवले, लोकांना महिनाभर घाबरू दिलं आणि आता कुलूप विकतायत.

खाली सगळे हसत होते. पाटणकर म्हणाले, डोकं आहे हां कंपनीचं. संध्याकाळी ग्रुपवर यादी सुरू, एकदम घेतली तर स्वस्तात. नलूचं नाव पहिलं.

ज.बाईचं नाव कुणी काढलं नाही.

गुरु. ५ फेब्रु.
गुरुवार. आली नाही, येणार कशी. पाटणकरांकडे गेले. म्हटलं, तिची माफी मागू या, निदान तो व्हिडिओ खोटा आहे एवढं तरी लिहा. चहा दिला. म्हणाले, “काकी, झालं ते झालं. आणि सुरुवात तुमच्याकडूनच झाली ना?”

बरोबर आहे त्यांचं. घरी येऊन मीच ग्रुपवर लिहिलं. सगळं लिहिलं, मी काय बोलले तेही. चौघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. खाली लगेच कुणीतरी कुलुपाचा रंग कोणता घेताय विचारलं.

मंगळ. १० फेब्रु.
गोवंडीला गेले, ज.बाई तिथे राहते एवढंच ठाऊक होतं. स्टेशनबाहेर जुने कपडे विकायला बसलेल्या बायांना विचारत गेले. दोघींनी माहीत नाही म्हणून सांगितलं, तिसरीने माझ्याकडे नीट पाहून घेतलं आणि मग घर दाखवलं.

उजवा हात प्लॅस्टरमधे. डाव्या हाताने जुन्या शर्टांची बटणं काढत बसली होती. मला पाहून उठायला लागली. सुनेला चहा टाकायला सांगितलं. ह्या बाईने मला चहा दिला! मला हुंदका आवरेना, तिने रडू दिलं.

म्हटलं, जमनाबाई, खुणांचं मीच सांगितलं गं.

“ठावूक हाय. तुमालाच तर सांगितलेलं मी.”

ओरडली असती तर बरं झालं असतं. बटणं काढतच होती. धंदा बंद आहे. सुनेने सांगितलं, व्हिडिओमुळे चेंबूरलाही गेटवर ओळखतात, हाकलतात.

निघताना विचारलं, माझ्या दारावरचा गोल कशाचा? वाटलं, चेंगट गिऱ्हाईक वगैरे असेल.

“आत आजारी माणूस झोपलाय, बेल नाय मारायची. आमच्या सगळ्या बायांना म्हायती. भाजीवालीला पण मी सांगितलेलं.”

ह्यांची अंथरुणावरची ती दोन वर्षं. दुपारी कधी बेल वाजली नाही. मी लोकांना सांगत होते, आमच्या मजल्यावर शांतता फार.

म्हटलं, मग हे गेल्यावर पुसला का नाहीस?

“पुसणार होती. पण तवा तुमीच झोपत नव्हता ना भाभी. म्हटलं, राहू दे.”

येशील का म्हणून विचारलं. बघू म्हणाली.

सोम. १६ फेब्रु.
काल वर्षश्राद्ध झालं. नलू आली होती, जेवून गेली. बोलले तिच्याशी, पण मनातून नाही. तिच्या दाराला नवं कुलूप, उघडताना पीं पीं करतं. मी घेतलं नाही. कुणी विचारलंही नाही.

गुरु. १९ फेब्रु.
गेटवर पाटी, फेरीवाल्यांना सक्त मनाई. सकाळी नव्या वॉचमनला सांगून आले, जमनाबाई नावाच्या माझ्या पाहुण्या येतील, हाताला प्लॅस्टर आहे, लिफ्टने वर पाठव. त्याने रजिस्टरात लिहून घेतलं. ग्रुपवर व्हायची ती चर्चा होऊ दे.

गाठोडं दाराशी आणून ठेवलं. ह्यांचा निळा शर्ट काढला, परत आत घातला. गोल पुसावा म्हणून ओलं फडकं घेऊन खाली बसले होते. तिने बेल वाजवावी असं वाटत होतं. हात होईना. तसाच ठेवला, पण साखळी काढलीय आणि दार उघडं टाकून इथेच खुर्चीवर लिहीत बसलेय.

अकरा वाजले. बारा. नलू दोनदा डोकावून गेली, काय गं, दार का उघडं.

आत्ता जिन्यात भांडी वाजल्यासारखं झालं. खाली दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असेल, मग थांबलं. कुणाची तरी कामवालीही असेल.

चप्पल पायातच आहे. खाली जाऊन बघते.